खंडेनवमीच्या पाटावरची कुलपं

गेल्या खंडेनवमीला आमच्या कंपनीच्या रिसेप्शनवर झेंडूच्या फुलांनी सजवलेलं एक स्टीलचं ताट ठेवलं होतं. सकाळी सगळ्यांना ईमेल आला होता की आपापली सिक्युरिटी की त्या ताटात आणून ठेवावी, अकराला पूजा आहे. की म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी काळी पट्टी. लॅपटॉपला खुपसायची, मधल्या सोनेरी टिकलीला बोट लावायचं, मग कंपनी तुम्हाला आत घेते. ही वस्तू कुणाच्याही हातात देऊ नका, यावर दोनच महिन्यांपूर्वी आम्हाला दोन तास व्याख्यान झालं होतं. ज्या विभागानं व्याख्यान दिलं, त्याच विभागानं ताट सजवलं होतं.

मी माझी की खिशातच ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही देव वगैरे मानत नाही का?"

"मानतो ना. म्हणूनच त्याच्या मागे हे लचांड लावत नाही."

पूजा झाली, पेढे झाले, फोटो झाले. मग चाळीसेक माणसांनी ताटातून एकेक काळी पट्टी उचलली. सगळ्या सारख्या, सगळ्यांना हळदकुंकू. साडेअकराला अर्धं ऑफिस सिस्टिमच्या बाहेर उभं होतं, आणि मंगल कार्यालयाबाहेर चपला शोधाव्यात तसे उच्चशिक्षित लोक एकमेकांना विचारत होते, "ही तुझी का बघ ना जरा." ज्यांची सापडली त्यांच्या टिकलीवर कुंकवाचा थर होता, तो नखानं खरवडणं चाललं होतं.

मी हसलो. पण मनातून त्या कीचं कौतुकही केलं. चुकीच्या माणसाला तिनं ओळख दाखवली नाही. माझ्या पहिल्या नोकरीत, शनिवार पेठेत, अशीच कुलपं पाटावर मांडून पुजली होती. ती मात्र येईल त्याला ओळख द्यायची. आणि त्यांच्या त्या लोचटपणापायी मी चोर ठरायची वेळ आली होती.

मी वाघोलीचा. आत्ताच्या टॉवरांच्या वाघोलीचा नाही, तेव्हाच्या दगडखाणींच्या. आबा, म्हणजे माझे वडील, एका खाणीवर सुरुंगाच्या दारूच्या कोठीचे राखणदार होते. कोठीची किल्ली त्यांच्या करदोड्याला असायची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. बीएस्सी झालो, संगणकाचा डिप्लोमा केला. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि पुण्यात ज्याच्या घरी रिकामी खोली तो सॉफ्टवेअर कंपनी काढत होता. तशाच एका कंपनीत मला नोकरी लागली. शनिवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या. मालक परदेशात सहा महिने राहून आलेले, आणि ते सहा महिने ते रोज थोडे थोडे आम्हाला वाटायचे. मला ते नावानं हाक मारत नसत. "काय हो वाघोली, बस मिळाली का आज?" असं रोज सकाळी. मी वर्षभर एकदाही उशिरा गेलो नव्हतो.

पुढच्या खोलीत मालकांचे वडील बसायचे. निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत, मालकसुद्धा. आमच्या माहितीपुस्तिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना जन्मभर पुरेल एवढं होतं.

कंपनी छापखान्यांसाठी मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर विकायची. जोडाक्षरं नीट बसवणं आणि प्रिंटर सांभाळणं हे माझं काम. सॉफ्टवेअरची कुणी नक्कल करू नये म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कुलूप दिलं जायचं. आगपेटीहून थोडं लहान, करड्या प्लॅस्टिकचं. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या तोंडाला लावायचं आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीत खुपसायची. कुलूप नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच व्हायचं नाही. "प्रत्येक प्रतीला स्वतंत्र कुलूप!" असं पुस्तिकेत मोठ्या टायपात होतं. त्यातलं उद्गारचिन्ह सरांनी दोनदा खोडलं होतं, मालकांनी दोनदा परत घातलं होतं.

कुलपाचं तत्त्व आजच्या कीसारखंच. सॉफ्टवेअर कुलपाला एक आकडा विचारतं. कुलपाच्या पोटात एक गुपित असतं. ते वापरून कुलूप गणित करतं आणि दुसरा आकडा उत्तर म्हणून देतं. गुपित कधी बाहेर येत नाही, फक्त उत्तर येतं. यात सगळी मेख एवढीच, की प्रश्न दर वेळी नवा हवा. प्रश्न जुनाच राहिला, तर एकदा उत्तर ऐकून ठेवणाऱ्याला गुपिताची गरजच उरत नाही.

हा कुलपाचा भाग मालक स्वतः लिहायचे आणि कुणाला दाखवायचे नाहीत. "ते सेन्सिटिव्ह आहे," म्हणायचे. पण एका छापखान्याची तक्रार आली, की रोज सकाळी पहिल्या कागदावर डाव्या कोपऱ्यात काहीतरी खूण उमटते. दुरुस्ती माझ्याकडे आली. प्रिंटरकडे काय काय जातं आणि तिकडून काय परत येतं ते टिपून ठेवणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला, आणि चोर सापडला. कुलपाला विचारलेला प्रश्न चुकून प्रिंटरपर्यंत पोचत होता. मी तीन सकाळी टिपण घेतलं. तिन्ही दिवशी प्रश्न तोच. तिन्ही दिवशी उत्तर तेच.

त्या रविवारी मी हे आबांना सांगितलं. त्यांना संगणक माहीत नव्हता, पण राखण माहीत होती. ते जेवता जेवता थांबले.

"रोज येकच सवाल इचारतो व्हय त्यो?"

"हो."

"मंग जवाब कुनीबी पाठ करंल की."

आणि मग त्यांनी आपली रीत सांगितली. दारू न्यायला माणूस चिठ्ठी घेऊन यायचा. चिठ्ठी कुणाच्याही हाती पडू शकते. म्हणून आबा चिठ्ठी बघितल्यावर काहीतरी विचारायचे. काल भोकं कंच्या अंगाला पाडली? परवा कंचा सुरुंग फुसका गेला? सकाळी कंप्रेसर कोनी चालू केला? रोज वेगळं. खरा सुरुंगवाला चटकन सांगायचा, दुसरा चाचरायचा. "सवाल शिळा झाला की राखन संपली," म्हणाले, आणि भाकरी पुढे ओढली. चौथी शिकलेला माणूस. मालकांच्या भिंतीवर दोन पदव्या फ्रेम करून लावलेल्या होत्या.

सोमवारी मी एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: कुलपाला विचारायचा प्रश्न दर वेळी बदलावा, नाहीतर कुलूप कुणीही फोडू शकेल. मालकांनी उभ्या उभ्या वाचलं.

"तुमच्याकडे वाघोलीला दाराला कुलपं असतात का हो?"

"असतात. दारूची कोठी आहे ना आमच्याकडे."

"मग तिथे लावा ही हुशारी. इथल्या छापखानेवाल्यांना फ्लॉपी सरळ घालता येत नाही, ते कुलपं फोडणार?" त्यांनी कागदावर लाल पेनानं "गरज नाही" लिहिलं, सही केली आणि कागद मला परत दिला. मी तो माझ्या फायलीत लावून ठेवला. हा कागद उपयोगी पडेल असं काही मला वाटलं नव्हतं. सही केलेला कागद टाकायचा नसतो, एवढंच घरून शिकून आलो होतो.

मग खंडेनवमी आली. मालकांनी फर्मावलं की संगणकांबरोबर कुलपांचीही पूजा व्हायला हवी, शेवटी लक्ष्मी तीच राखतात. पाटावर अकरा कुलपं मांडली. काही नवी, एक गिऱ्हाइकांना दाखवायच्या आमच्या संगणकाचं, आणि एक नारायण पेठेतल्या छापखानेवाल्या काकांचं. त्यांच्या कुलपाची पिन वाकली होती म्हणून ते दुरुस्तीला आलं होतं. मीच ती चिमट्यानं सरळ केली होती. काका सावध गृहस्थ. स्टीलच्या डब्यावर घालतात तसं त्यांनी त्या कुलपावर तुळशीबागेतल्या माणसाकडून मशीननं बारीक अक्षरात छापखान्याचं नाव घालून घेतलं होतं.

प्रत्येक कुलपावर माझ्या हातचं नंबराचं कागदी लेबल होतं. मालकांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, पूजेआधी कुलपं ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली. देवाला आंघोळ घालतात, मग यांना का नको? लेबलं सुटून ताम्हनात तरंगायला लागली. मालक फोनवर कुणाला तरी परदेशातलं हवामान सांगत होते. वहिनींनी लेबलं उन्हात वाळवली आणि डिंकानं जमतील तशी परत चिकटवली. "सारखीच तर दिसतात मेली," म्हणाल्या. यात त्यांचा काही दोष नव्हता. दिसत होतीच सारखी.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, काकांच्या नंबराचं कुलूप काकांकडे गेलं आणि नवी कपाटात. त्याच्या पुढच्या दिवशी मी दाखवायच्या संगणकाचं कुलूप जागेवर बसवत होतो, तर लेबलाखाली बोटाला खरखर लागली. लेबल उचलून पाहिलं, तर काकांच्या छापखान्याचं नाव. म्हणजे काकांकडे दुसऱ्याच कुणाचं तरी कुलूप गेलं होतं. झालं, म्हटलं, दुपारपर्यंत काकांचा फोन येणार. दिवाळी अंकाचं काम, सॉफ्टवेअर बंद, काका उभे पेटणार.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कपाटातली तीन नवी कुलपं काढली आणि दाखवायच्या संगणकाला एकेक लावून पाहिली. तिन्हींनी सॉफ्टवेअर गुमान सुरू केलं. प्रश्न सगळ्यांना एक, आणि उत्तरही सगळ्यांचं एक. "प्रत्येक प्रतीला स्वतंत्र कुलूप!" उद्गारचिन्हासकट.

हे मी मालकांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. "गरज नाही" असं त्यांनीच लिहून दिलेलं होतं. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. रोज सकाळी ते "काय हो वाघोली" म्हणाले की मी त्यांच्या मागच्या कुलपाकडे बघायचो आणि माझा दिवस बरा जायचा.

मजा दिवाळीच्या आठवडाभर आधी संपली. काका जिना चढून आले, घामाघूम, आणि त्यांनी टेबलावर एक फ्लॉपी आपटली.

"माझ्या समोरच्या छापखान्यात तुमचं सॉफ्टवेअर चालतं, ही तिथलीच फ्लॉपी. मागे कुलूप नाही काही नाही. मग मी काय हौस म्हणून हे बोळकं लावून बसलोय?"

मालकांनी फ्लॉपी लावली. कुलूप काढून ठेवलं. सॉफ्टवेअर सुरू झालं. कुणीतरी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. कुलपाला प्रश्न गेला की हा प्रोग्रामच मधल्यामध्ये ठरलेलं उत्तर देत होता. मालकांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल, आणि मग तो माझ्याकडे वळला.

"हे तुम्हीच म्हणाला होतात ना? कुलूप फुटतं म्हणून?"

"म्हणालो होतो."

"म्हणजे कसं फोडायचं ते तुम्हाला माहीत होतं. इथे दुसऱ्या कुणाला माहीत होतं?" आणि काकांकडे वळून, मी खोलीत नसल्यासारखं, "बाहेरची मुलं घ्यायची म्हणजे हे असं. शिकवा, आणि चोऱ्या करून घ्या."

माझं कायम करण्याचं पत्र दिवाळीत मिळायचं होतं. पण मी पत्राचा विचारही केला नाही. मला करदोड्याला बांधलेली ती किल्ली दिसली. वाघोलीतली चार पोरं पेठेत कामाला होती. संध्याकाळपर्यंत गावात कळलं असतं. खाणीवर दारूचा हिशेब काड्या मोजून देणाऱ्या माणसाचा मुलगा चोर निघाला म्हटल्यावर ठेकेदारानं ती किल्ली एक दिवसही आबांकडे ठेवली नसती. आणि "शिकवला म्हणून असा निघाला" हे म्हणायला गाव टपलेलंच होतं.

मी म्हटलं, "कुलूप फोडायला मी कशाला लागतो? ज्याच्याकडे यातलं एक कुलूप आहे त्याला ते जमेल. सगळी कुलपं एकच उत्तर देतात."

"काहीतरी बोलू नका. प्रत्येक कुलूप वेगळं आहे."

"असं का?" मी काकांना विचारलं, "काका, तुमचं कुलूप बरोबर आणलंय का?"

"आणलंय की. दाखवायला." त्यांनी पिशवीतून ते काढलं.

"त्यावर तुमचं नाव आहे?"

काकांनी चष्मा वर केला. कुलूप उलटं केलं, सुलटं केलं. लेबल नखानं सोललं. "अरे? माझं नाव कुठे गेलं?"

मी दाखवायच्या संगणकाशेजारी पडलेलं कुलूप उचलून काकांच्या हातात ठेवलं. काकांनी मोठ्यानं छापखान्याचं नाव वाचलं. मग मालकांकडे बघून म्हणाले, "हे काय हो? माझं भांडं तुमच्या घरात, आणि तुमचं माझ्या?"

"पूजेत अदलाबदल झाली," मी म्हणालो. "तेव्हापासून तुम्ही दुसऱ्याच्या कुलपावर अंक काढताय आणि आम्ही तुमच्या कुलपावर गिऱ्हाइकांना दाखवतोय. स्वतंत्र असती तर दोघांचीही कामं बंद पडली असती."

मालक उठले. त्यांनी कपाटातून स्वतःच एक नवं कुलूप काढून लावून पाहिलं. सॉफ्टवेअर सुरू झालं. ते सुरू झालेलं पाहून एवढा दुःखी झालेला माणूस मी परत पाहिला नाही.

सर पुढच्या खोलीतून दारात येऊन उभे होते. ते मला म्हणाले, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"खंडेनवमीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

मी फायलीतला कागद काढून त्यांना दिला. सरांनी तो वाचला. लाल शेरा वाचला. सही वाचली. खिशातलं पेन काढून सवयीनं माझा एक ऱ्हस्व उकार दीर्घ केला. मग मुलाकडे बघून म्हणाले, "चोरी करायची असलेला माणूस मजबूत कुलूप मागत नाही. हे तुमच्या परदेशात शिकवत नाहीत वाटतं?"

"अहो सर, मी आपलं एक शक्यता म्हणून..."

"शक्यता नव्हे. आपण चोरी म्हणालात. मी ऐकलं. हे गृहस्थही ऐकत होते."

काका म्हणाले, "मी ऐकलं. पण माझं कुलूप मी घेऊन जाणार हं."

"ठीक आहे, ठीक आहे," मालक म्हणाले. "वाघोली, विषय संपला. लागा कामाला."

विषय संपला नव्हता. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. आता लिहून द्या."

"काय लिहून द्या?"

"की मी यात नाही. आणि नाव माझं घाला. वाघोली नको."

मालक खिडकीतून खाली दुकानाकडे बघायला लागले. मग सरच खुर्चीवर बसले, कोरा कागद ओढला आणि शाळेच्या दाखल्यावर असायचं तसल्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. कुलूप फुटण्याच्या प्रकाराशी यांचा संबंध नाही, हा दोष यांनी आधीच लेखी कळवला होता, त्याकडे कंपनीनं दुर्लक्ष केलं. मालक "दुर्लक्ष" या शब्दावर अडले. "अनवधान म्हणू या का?" सर म्हणाले, "शेऱ्यावर सही आहे तुमची. अनवधानानं सही करता का?" मालकांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात कायम झाल्याचं पत्रही मिळालं. ते मी तोंडावर फेकलं असेल असं ऐकणाऱ्यांना वाटतं. फेकायला माझ्याकडे दुसरी नोकरी नव्हती. घेतलं. तीन वर्षं तिथे राहिलो आणि एका सकाळी, बस चुकलेली असताना नाही, तर चांगला वेळेवर पोचून राजीनामा दिला. पण दिवाळीनंतर पहिलं काम मला मिळालं ते कुलपाचं. त्यांनी ते सेन्सिटिव्ह प्रकरण माझ्या टेबलावर ठेवलं आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "बघा काय जमतं ते." जमलं. प्रत्येक कुलपाला वेगळं गुपित घातलं आणि प्रश्न दर वेळी नवा केला. पुस्तिकेतलं ते वाक्य त्यानंतर खरं झालं. मालकांनी त्याचं श्रेय परदेशाला दिलं.

ज्या दिवशी सरांचा कागद मिळाला, त्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, कागद वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, सहीवर बोट फिरवलं आणि करदोड्याच्या किल्लीशेजारी कनवटीला खोचला.

"कागुद ऱ्हाऊ दे माझ्यापाशी," म्हणाले. "ठेकेदारानं इचारलंच तर हाय." मग करदोडा सारखा करत, "आन सवाल? रोज नवा करनार का न्हाई त्ये?"

"करणार. मलाच करायला लावतील."

"मंग इसरू नगस," ते म्हणाले, आणि जेवणासाठी हात धुवायला उठले.